कप्तानाचा दोर

गेल्या सत्रात एका पालकांनी आम्हांस शाळेच्या फाटकाशी गाठले. "गुरुजी, मराठीच्या तासाला तुम्ही बांद देसिने दाखवता म्हणे? ते तर पोरं घरीही वाचतात, तेही फ्रेंचमध्ये!" प्रश्न रास्त होता. तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत.

पुस्तक होते 'तिबेटमध्ये टिनटिन'. आपल्या बेटावर तँतँ ठाऊक नाही असे घर विरळाच. २००९ साली तर तो आपल्या क्रिओलमध्येही बोलू लागला. पण त्याच्या सर्व गोष्टींत ही गोष्ट निराळी आहे. १९६० साली ती पुस्तकरूपाने आली. ती रचताना चित्रकार एर्जे स्वतः मोठ्या मनस्तापात होते; स्वप्नात त्यांना सगळीकडे पांढरेच पांढरे दिसे. ज्यूरिकच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने काम थांबवा म्हणून सांगितले. त्यांनी ते ऐकले नाही, आणि तो पांढरा रंग हिमालयाचे बर्फ होऊन पानोपानी उतरला. गोष्टीत खलनायक कोणीच नाही. विमान कोसळले आहे, चँग नावाचा मित्र मेला असे सारे म्हणतात, आणि टिनटिनला तो जिवंत आहे असे वाटते. इतकेच.

एवढी दुःखाची गोष्ट, आणि तरी वर्गातली मुले पहिल्या पानापासून हसतात. कोणाला? कप्तान आदॉकला. तो म्हणतो, मी नेपाळला येणार नाही, म्हणजे नाही! आणि लगेच पुढच्या चित्रात तो चाललेलाच असतो. दिल्लीत रस्त्यात बसलेली गाय ओलांडायला जातो, तर गायच उठून त्याला पाठीवर घेऊन पळते. (त्या चित्राला आम्हीही लहानपणी पोट धरून हसलो होतो. फजिती गायीची नाही, दिल्लीकरांचीही नाही, त्या उतावळ्या कप्तानाची आहे. याच एर्जेंच्या १९३१ च्या काँगोवरच्या पुस्तकात मात्र काळ्या माणसांना बावळट ठरवून हसवले आहे. ते पुस्तक आम्ही वर्गात नेत नाही. ऊसमळ्यांत राबलेल्यांच्या नातवंडांना तसले हसू शिकवायचे नसते.)

मग तो दोराचा प्रसंग येतो. कप्तान कड्यावरून घसरतो आणि अधांतरी लोंबकळतो. वर टिनटिन दोर धरून आहे. त्याला ओढता येत नाही, सोडवत नाही. कप्तान म्हणतो, दोर काप. टिनटिन नाही म्हणतो. तेव्हा हा व्हिस्कीचा भोक्ता, शिव्यांचा कारखाना स्वतःच चाकू काढतो, मित्र तरी वाचावा म्हणून. थंडीने बधिर झालेल्या हातातून चाकू निसटतो, आणि तेवढ्यात परत फिरलेला शेर्पा थारके येऊन पोचतो.

आता पाहा, हे दृश्य एवढे का भिडते? कप्तान आधीपासून धीरगंभीर वीर असता तर त्याने चाकू काढला यात नवल कसले? मघापासून आपण ज्याला हसत होतो तोच हा माणूस, म्हणून घशात आवंढा येतो. "येणार नाही" म्हणून दर वेळी येणारा कप्तान आपल्याला केवळ गंमत वाटला होता. ती त्याची माया होती हे इथे कळते. यतीचेही तसेच. कप्तानाची बाटली रिकामी करून तो झिंगतो तेव्हा मुले टाळ्या पिटतात. आणि शेवटच्या चित्रात तोच यती दुरून, एकटा, निघून जाणारा तांडा पाहत उभा असतो.

थोरल्या मंडळींना हे परके वाटू नये. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना हसवतात, आणि त्याच प्याल्याने सुधाकर-सिंधूचा संसार बुडतो. आमची आजी आग्र्याहून सुटकेची गोष्ट सांगे तेव्हा पेटाऱ्याला खांदा दिलेल्या भोयांचे धापा टाकणे आणि पहारेकऱ्यांचे घोरणे हुबेहूब करून दाखवी. आम्ही हसायचो, आणि पेटारा उघडला गेला तर काय, या भीतीने तिचा पदर घट्ट धरायचो. तीच गोष्ट मराठीच्या वर्गासाठी आलेल्या एका चित्रपुस्तकात आम्ही पाहिली. सगळे चेहरे पुतळ्यासारखे, सगळी वाक्ये भाषणासारखी. वीरांचा मान राखायचा म्हणून हसू गाळले, आणि हसण्याबरोबर भीतीही गेली. मुलांनी चार पाने उलटून ते पुस्तक परत ठेवले. त्यांचा दोष नाही.

शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांस सांगितले होते की गंभीर पाठ, नंतर विरंगुळा, असे आलटून पालटून द्यावे. वीस वर्षे शिकवल्यावर आता तसे वाटत नाही. आधी हसलेले मूलच पुढे घाबरते.

१९७७ च्या नोव्हेंबरात अस्टेरिक्सचे लेखक गोसिनी वारले. बेल्जियमची गोष्ट तेव्हा अर्धवट होती. चित्रकार उदेरझोंनी ती पुरी केली. ठोसे आणि विनोद तसेच ठेवले, पण त्या जागेपासून पुढे आभाळ भरून आले आणि पाऊस लागला. शोकाचा एक शब्दही नाही. मुलांना हे सांगितल्यावर ती पाने मागे उलटून पाऊस कुठे सुरू होतो ते शोधू लागली.

त्या पालकांना राहिलेली गोष्ट एवढीच. पुस्तक फ्रेंच होते, पण चित्र दाखवून गोष्ट आम्ही मराठीत सांगत होतो. दोराच्या चित्राशी थांबलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर "हो" आणि "नाही" यांपलीकडे मराठीत गेला नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कप्तान खरंच दोर कापणार होता?" शेजारचा म्हणाला, "नाही, तो घाबरतो." तिसरी म्हणाली, "घाबरतो, पण कापणार." घंटा झाली तरी ते मराठीत भांडत होते.

कोणाच्या घरी या पुस्तकाची जुनी, पाने सुटलेली प्रत पडून असेल तर आमच्याकडे पाठवावी. वर्गात एकच आहे आणि मुले अठ्ठावीस.