परदेशात एमबीबीएस: प्रवेश सोपा, मग अडचण नेमकी कुठे येते?

नीटचा निकाल लागला की इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर ठरावीक जाहिराती दिसू लागतात. ‘मार्क कमी पडले? डोनेशन न भरता परदेशात डॉक्टर व्हा!’ या जाहिरातींना गिऱ्हाईक मिळतं, कारण आकडेच तसे आहेत. २०२५ मध्ये २२ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांनी नीट दिली. त्यातले १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशभरात एमबीबीएसच्या जागा मात्र सुमारे सव्वा लाख. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांमागे साधारण एक जागा. त्यातही खासगी कॉलेजची फी अनेक घरांच्या आवाक्याबाहेरची.

मग परदेशात प्रवेश खरंच सोपा आहे का? याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं आहे. आणि शिकून भारतात परतायचं असेल, तर प्रवेश ही फक्त पहिली पायरी ठरते.

भारत: एकच परीक्षा

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. त्यानंतर सगळं ७२० गुणांच्या नीटवर ठरतं. २०२५ मध्ये खुल्या गटासाठी पात्रतेचा कटऑफ १४४ गुण होता. पण पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. सरकारी कॉलेजसाठी याच्या कितीतरी पट गुण लागतात.

अमेरिका: आधी पदवी, मग मेडिकल

अमेरिकेत बहुतेक सगळ्या मेडिकल कॉलेजांत बारावीनंतर थेट प्रवेश मिळत नाही. आधी साधारण चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ती कोणत्याही विषयातली चालते, पण बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स असे ठरावीक विषय शिकलेले असावे लागतात. मग सात तासांहून जास्त चालणारी एमकॅट परीक्षा आणि मुलाखत. त्यानंतर एमडीची चार वर्षं. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजंही मोजकीच आहेत.

ब्रिटन: गुणांसोबत मुलाखत

ब्रिटनमध्ये शाळेनंतर थेट प्रवेश मिळतो. ए-लेव्हलला बहुतेक ठिकाणी तिन्ही विषयांत ए ग्रेड मागितली जाते आणि त्यात केमिस्ट्री किंवा बायोलॉजी असावं लागतं. शिवाय यूकॅट ही अभियोग्यता चाचणी आणि मुलाखत. अर्ज जास्तीत जास्त चार मेडिकल कॉलेजांसाठी करता येतो आणि मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा कमी आणि फी मोठी असते.

जर्मनी: फी नाही, पण भाषा हवी

बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. पण शिक्षण जर्मनमध्ये असतं आणि त्यासाठी साधारण सी-१ पातळीची भाषा यावी लागते. भारतातली नुसती बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या, म्हणजे आबिटुअरच्या, बरोबरीची धरली जात नाही. त्यामुळे अनेकांना आधी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करावा लागतो.

रशिया, जॉर्जिया: दार उघडं

महाराष्ट्रातल्या जाहिरातींमध्ये जास्त दिसतात ते हे देश. इथे भारतीय विद्यार्थ्यांना नीटसारख्या चुरशीच्या परीक्षेला सामोरं जावं लागत नाही. जॉर्जियात तर स्थानिक मुलांना द्यावी लागणारी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा परदेशी विद्यार्थ्यांना माफ आहे. अभ्यासक्रम सहा वर्षांचा असतो. खरी चाळणी लागते ती परतताना.

परतताना काय होतं?

पहिली अट म्हणजे नीट. परदेशात शिकून भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर २०१८ पासून नीट पात्रता सक्तीची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा नियम कायम ठेवला. त्यामुळे ‘नीटशिवाय एमबीबीएस’ असं कोणी सांगत असेल, तर ती पदवी भारतात कामाची नाही.

दुसरी अट अभ्यासक्रमाची. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातला हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या देशात प्रॅक्टिस करण्याचा परवानाही मिळायला हवा.

हे नियम लावले की चित्र बदलतं. फिलिपिन्समध्ये आधी पदवी आणि मग चार वर्षांचा एमडी अशी पारंपरिक रचना आहे. चार वर्षं म्हणजे ४८ महिने, भारताच्या अटीपेक्षा सहा महिने कमी. जर्मनीत माध्यमाचाच प्रश्न येतो. ‘एकाच संस्थेत’ या अटीचा फटका २०२२ मध्ये युक्रेनमधून युद्धामुळे परतलेल्यांना बसला. त्यांना दुसऱ्या देशात शिक्षण पुढे नेता यावं म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, म्हणजे एनएमसीला, नियमात सवलत द्यावी लागली.

तिसरी अट म्हणजे एफएमजीई ही परीक्षा. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण. जून २०२५ मध्ये ३६ हजारांहून जास्त जणांनी ती दिली. उत्तीर्ण झाले ६,७०७, म्हणजे १८.६१ टक्के. त्यानंतर भारतात पुन्हा इंटर्नशिप.

पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

‘एनएमसी मान्यताप्राप्त’ हा शब्द जाहिरातीत दिसला तर सावध व्हा. परदेशी कॉलेजांना मान्यता देणारी कोणतीही यादी एनएमसी काढत नाही. एजंटला सरळ विचारा: अभ्यासक्रम किती महिन्यांचा, सगळी वर्षं इंग्रजीत का, इंटर्नशिप कुठे आणि तिथला परवाना मिळणार का? उत्तरं लेखी घ्या आणि २०२१ च्या नियमांशी ताडून पाहा. त्या कॉलेजमधून आलेले किती जण एफएमजीई उत्तीर्ण झाले, हेही विचारा.

भारतात चाळणी सुरुवातीलाच लागते. नापास झालं तरी एखादं वर्ष जातं. सोप्या प्रवेशाच्या देशांत ती सहा वर्षांनी लागते. तोवर घरच्यांचं कर्ज, कधी विकलेली जमीन आणि मुलाच्या वयाची ती वर्षं खर्ची पडलेली असतात.