गॅसची लाइन पुढे जाईल, माळाचे काय?

शेतकरी बंधूंनो, एखाद्या दिवशी आपल्या शिवारात चार माणसे येतात. बांधावर झेंड्या रोवतात, गट नंबर विचारतात, चहा पिऊन निघून जातात. पुढे काही महिन्यांनी तलाठी कार्यालयात यादी लागते आणि मग कळते, गावातून गॅसची लाइन जाणार. त्या दिवसापासून पारावर एकच विषय. पैसे किती मिळणार? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. लाइन गाडून माणसे निघून गेल्यावर तो पट्टा आपल्याला कसा परत मिळणार?

ही गोष्ट आता लांबची राहिलेली नाही. दाभोळहून निघून सह्याद्री ओलांडणारी आणि कोल्हापूरकडून बंगळुरूला जाणारी गॅसवाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. मुंबई-नागपूर वाहिनीचा बराचसा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेने गेला आहे. शिवाय शहरांना गॅस पुरवण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठ्या लाइनी पडत आहेत. गॅस हवाच, त्याला कोणाचा विरोध नाही. पण लाइन टाकण्याचे काम एका गावात जेमतेम काही आठवडे चालते, आणि त्या काही आठवड्यांत जो हलगर्जीपणा होतो, तो गावाला पुढची वीस वर्षे पुरतो.

कायद्यातील मोकळी जागा

अशा लाइनीसाठी जमीन विकत घेतली जात नाही. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याने फक्त जमिनीखालून लाइन नेण्याचा वापरहक्क घेतला जातो. जमीन तुमच्याच नावावर राहते. पीक-पाण्याच्या नुकसानीची भरपाई मिळते आणि वापरहक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. लाइन जमिनीखाली किमान एक मीटर असली पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. नंतर त्या पट्ट्यात पूर्वीसारखी शेती करता येते. मात्र घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही आणि झाड लावता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. लाइन अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जाणार असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. वनजमीन असेल तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. पण लाइन साध्या शिवारातून, गायरानातून, माळावरून जात असेल तर ही पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे तिथल्या लांडग्याचा, काळविटाचा, तित्तराचा अभ्यास करून कोणी अहवाल लिहील, याची खात्री नाही. त्यातून आपल्या माळांची नोंद सरकारी दप्तरात बहुधा 'पडीक' अशी. पडीक जमिनीत नुकसान ते कसले होणार, असा साहेबांचा समज होतो. त्या 'पडीक' माळावर गावाची जनावरे चरतात, हे साहेबांना कोण सांगणार? ते गावानेच सांगितले पाहिजे.

वरची माती वर, खालची खाली

कामाची रीत अशी. आधी साधारण वीस-तीस मीटर रुंदीचा पट्टा बुलडोझरने साफ करतात. मग चर खोदतात, पाइप जोडून खाली सोडतात आणि माती लोटून चर बुजवतात. घोटाळा होतो तो माती लोटताना. आपल्या जमिनीचा जीव वरच्या वीतभर मातीत असतो. शेणखताचे सत्त्व तिथे, गांडूळ तिथे, गवताचे बी आणि मुळेही तिथेच. खाली लागतो मुरूम किंवा चुनखडी. ठेकेदाराने दोन्ही एकत्र केले तर काळी माती तळाला जाते आणि मुरूम वर येतो. मग शेतात तेवढाच पट्टा दरवर्षी पिवळा दिसतो. माळावर तर त्याहून वाईट होते. मोकळ्या उघड्या जागेत आधी शिरते ते गाजरगवत. पाठोपाठ घाणेरी आणि वेडी बाभूळ येते. एकदा ही मंडळी बसली की चाऱ्याचे गवत परत येणे अवघड.

उपाय सोपा आहे. वरची माती आधी खरवडून पट्ट्याच्या एका कडेला वेगळी ठेवायची, चरातली माती दुसऱ्या कडेला. बुजवताना आधी खालची, मग वरची. मातीच्या ढिगावर गाड्या फिरवायच्या नाहीत. काळ्या रानात ओल असताना अवजड यंत्रे घालायची नाहीत, नाहीतर जमीन दगडासारखी घट्ट बसते. याला फारसा खर्च येत नाही, फक्त पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे लागते. माती एकदा मिसळली की कोणताही पंचनामा ती वेगळी करू शकत नाही.

उघडा चर म्हणजे सापळा

चर खोदून पाइप खाली जाईपर्यंत मध्ये काही दिवस जातात. रात्री त्या उभ्या कडांच्या चरात घोरपड, साप, ससा, खोकड पडतात. कधी गावातले वासरूही पडते. बाहेर निघायला वाट नसते आणि दुपारच्या उन्हात लहान जीव टिकत नाहीत. ऑस्ट्रेलियात शेकडो किलोमीटरच्या गॅसवाहिन्या टाकताना हाच अनुभव आला. तिथे चरात ठरावीक अंतरावर मातीचे उतार ठेवतात, म्हणजे जनावर चालत वर येते. मध्ये मध्ये ओली पोती टाकतात, म्हणजे सरड्या-बेडकांना सावली मिळते. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी माणसे चराच्या कडेने फिरून अडकलेले जीव बाहेर काढतात.

यातले आपल्याकडे न जमण्यासारखे काय आहे? मातीचा उतार करायला जेसीबीला कितीसा वेळ लागतो? गोणपाट तर घरोघरी आहे. सकाळची फेरी मारायला गावातलेच दोन तरुण ठेकेदाराने रोजाने घ्यावेत. साप किंवा घोरपड दिसली तर काठी उगारू नका. घोरपड मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावा.

कामाची वेळही पाहायला हवी. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात बिळात असतात. माळावर अशी घळ कुठे आहे, हे धनगर बांधवांना नेमके ठाऊक असते. सर्व्हेच्या वेळीच ती जागा दाखवली तर लाइन थोडी बाजूने नेण्याची किंवा तिथले काम पुढे ढकलण्याची मागणी करता येते. यंत्रे आल्यावर सांगून उपयोग नाही.

झाड नाही, पण गवत आहे

लाइनीवर झाड लावू देत नाहीत, कारण खोल मुळे पाइपच्या लेपाला इजा करतात. मग काही ठिकाणी हिरवे दिसावे म्हणून मिळेल ते बी फेकून मोकळे होतात. बंधूंनो, आपला माळ मुळात झाडांचा नव्हेच, तो गवताचा. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आपल्या मातीत, आपल्या पावसावर वाढलेली आहेत. ती माती धरून ठेवतात, जनावरांना चारा देतात आणि पाइपलाही त्रास देत नाहीत. कंपनीचे आणि गावाचे हित इथे एकच आहे.

फक्त तयारी आधी लागते. शेजारच्या चांगल्या माळावरचे बी दिवाळीच्या आसपास पिकते, तेव्हाच ते गोळा करून कोरडे ठेवावे. चर बुजल्यावर पहिल्या पावसाच्या तोंडावर पेरावे. मारवेलचे ठोंबेही लावता येतात. पहिला पावसाळा तिथे चराई बंद ठेवावी आणि गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटावे. उतारावर पट्ट्याला आडवे मातीचे बांध हवेत, नाहीतर बुजवलेल्या चरातूनच पाणी वाहून ओघळ पडते. फोडलेले शेताचे बांध पूर्ववत घालून घ्यावेत. बांधावरच्या बोरी-तरवडीत तित्तर आणि मुंगूस राहतात, आणि तुमच्या शेतातले उंदीर मुंगूसच कमी करते.

गावाने काय करावे?

राजपत्रात पहिली अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत घेता येते. ही मुदत बहुतेकांची नकळत निघून जाते. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यादी येताच दवंडी द्यावी. गायरानाबाबत ग्रामपंचायतीने आपले म्हणणे वेगळे लिहून द्यावे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच गावांत ती नोंदवही कपाटात असते. ती बाहेर काढा. माळावरचे गवत, प्राणी, पाणवठे, बिळे यांची त्यात नोंद असेल तर साहेबांपुढे ठेवायला कागद मिळतो. नसेल तर आजच करा.

काम सुरू होण्याआधी तलाठ्यांनी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, पंचनाम्यात पिकाबरोबर बांध, झाडे, मातीचा थर आणि गवत यांचीही नोंद घ्यावी. तारखेसह फोटो काढून ठेवावेत. ग्रामसभेत ठेकेदाराला बोलावून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: वरची माती वेगळी ठेवणे, चरात उतार आणि सकाळची फेरी, गावच्या गवताची पेरणी आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काम संपल्यावर 'जमीन पूर्ववत करून मिळाली' अशा कागदावर तुमची सही मागतात. उन्हाळ्यात सपाट दिसणारी माती पावसाने खचते, आणि खरी स्थिती श्रावणातच कळते. म्हणून सही करण्याआधी पावसाळ्यानंतरच्या पाहणीची अट त्या कागदावर लिहून घ्या. पैसे एका हंगामात संपतात. गायरान मात्र नातवाच्या जनावरांनाही लागणार आहे.