पिशवी उघडण्याआधी

गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्या टाक्या आपल्या भागात आता घरोघरी दिसतात. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा मुलांच्या मनात जाऊन बसला. तेव्हापासून खाऱ्या पाण्याच्या टाकीचा हट्ट सुरू झाला, तो काही अजून थांबलेला नाही. प्राणिशास्त्राचा तास संपला की एखादा विद्यार्थी हमखास मागे रेंगाळतो आणि विचारतो, “सर, दुकानात मासा अगदी ठणठणीत होता. घरी आणला आणि दोन दिवसांत गेला. असं का?” बहुतेक वेळा उत्तर त्या पहिल्या काही तासांत दडलेले असते.

पण त्याआधी टाकी तयार हवी. टाकी भरली, मीठ घातले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे खाऱ्या पाण्यात चालत नाही. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जीवाणू दगडांवर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तपासणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत फक्त पाणी फिरत राहू द्यावे. मुलांचा धीर सुटतो, हे खरे. त्यांना रोज एक नोंदवही भरायला लावावी.

पाण्याविषयीही दोन शब्द. स्वयंपाकघरातले मीठ यासाठी उपयोगाचे नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते, म्हणून मत्स्यपेटीसाठी मिळणारे मिश्रणच घ्यावे. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेव्हा आर.ओ.चे पाणी बरे. कारवारला गेल्यावर चार कॅन भरून आणू, असा विचार कोणी करील. पण तिथे काळी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा किती उतरेल, याचा भरवसा नसतो.

आता मूळ मुद्दा. मासा पिशवीत असतो तेव्हा आत काय चालते? मासा श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो पाण्यात विरघळून पाणी आम्लतेकडे झुकते, समुद्राचा ८.२ च्या आसपासचा सामू सातपर्यंतही उतरू शकतो. त्याच वेळी अमोनियाही साठत जातो. गंमत अशी की उतरलेला सामूच माशाला वाचवत असतो. कमी सामूला बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसे घातक नसते. आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा अमोनिया होते. सामू सातवरून ८.२ वर गेला की विषारी भाग दहापटीहून जास्त वाढतो. म्हणजे रात्रभर प्रवास करून आलेला मासा पिशवीत जिवंत असतो आणि पिशवी उघडून आपण प्रेमाने तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसतो, तेव्हा त्याच्या कल्ल्यांची आग होत असते.

म्हणून मासा आला कुठून, हे आधी पाहावे. गावातल्याच दुकानातून तासाभरात घरी आणला असेल तर थेंबपद्धत चांगली. दिवे मंद करावेत, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. मग मासा त्याच्या पाण्यासकट बादलीत घ्यावा. हवेच्या पंपाची बारीक नळी टाकीतून बादलीत सोडावी, तिला एक सैल गाठ मारावी आणि सेकंदाला दोन-चार थेंब पडतील असे बघावे. पाणी दुप्पट झाले की अर्धे टाकून द्यावे आणि पुन्हा तेच करावे. तास-दीड तासात काम होते. पिशवीतले पाणी मात्र टाकीत ओतायचे नाही. मासा हलकेच डब्यात धरून तेवढाच सोडावा.

मासा पार्सलने लांबून, दहा-बारा तासांच्या प्रवासाने आला असेल तर उलट वागावे. पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, उघडावी आणि काही मिनिटांत मासा स्वच्छ पाण्यात न्यावा. पण मग खारेपणाचे काय? त्याची तयारी आदल्या दिवशीच करायची. विक्रेत्याला फोन करून त्याच्या पाण्याची घनता विचारायची आणि आपली वेगळी छोटी टाकी तेवढ्याच घनतेची करून ठेवायची. बऱ्याच दुकानांत परजीवी आटोक्यात राहावेत आणि मीठही वाचावे म्हणून घनता १.०१९ च्या आसपास ठेवतात. घरातल्या मोठ्या टाकीत ती १.०२५ असते. कमी खाऱ्यातून एकदम जास्त खाऱ्यात गेलेल्या माशाचे काय होते, हे मीठ लावलेल्या कैरीला विचारावे! तिला पाणी सुटते, तसेच माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. छोट्या टाकीतली घनता रोज ०.००१ ते ०.००२ इतकीच वाढवावी. जास्त खाऱ्यातून कमीत जाणे माशाला त्या मानाने सोपे जाते.

इथे मला आपल्या दोन भाषांची गंमत आठवते. मराठीत ‘अवसर’ म्हणजे संधी, फुरसत. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई. आपल्या घरांत दोन्ही अर्थ एकाच दिवसात ऐकू येतात. आजी मराठीत सवड काढायला सांगते आणि शेजारच्या अक्का ‘अवसर माडबेडरी, स्वल्प तडीरी’ म्हणतात. टाकीच्या बाबतीत दोघींचे म्हणणे खरे आहे. घाई नको, फक्त उघड्या पिशवीपाशी रेंगाळू नका.

कोळंबी, तारामासा यांची गोष्ट आणखी नाजूक. मासा आपल्या अंगातले मीठ-पाणी बऱ्यापैकी सांभाळू शकतो, पण यांच्या शरीरातला खारेपणा बाहेरच्या पाण्याबरोबरच बदलतो. तारामाशाला दोन तास किंवा अधिक वेळ द्यावा आणि धार अगदी मंद ठेवावी.

नवा मासा मोठ्या टाकीत लगेच न घालता निदान चार आठवडे वेगळा ठेवावा, असे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी एका माशाबरोबर येतो आणि सगळी टाकी ताब्यात घेतो. त्यावर तांब्याचे औषध चालते, पण त्या औषधाने कोळंबी आणि प्रवाळ मरतात. म्हणून उपचार वेगळ्या भांड्यातच करायचा. त्यासाठी प्लास्टिकचा टब, हवेचा पंप आणि हीटर पुरे.

प्रवाळ म्हणजे आपले पोवळे, कन्नडमध्ये ‘हवळ’. अंगठीतल्या लाल खड्यामुळे पुष्कळांना ते रत्न वाटते आणि टाकीत पाहिले की वनस्पती वाटते. ते असते प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न बनवून यजमानाला देते. म्हणून प्रवाळाला खारेपणाइतकीच उजेडाचीही सवय करावी लागते. दुकानात मंद दिव्याखाली असलेले प्रवाळ घरच्या प्रखर एल.ई.डी.खाली एकदम वर मांडले तर शैवालावर ताण येतो, प्रवाळ ते बाहेर टाकते आणि पांढरे पडते. समुद्रात पाणी तापल्यावर होते तेच. पहिल्या दिवशी त्याला तळाशी वाळूत ठेवावे, दिवा थोडेच तास लावावा आणि दोन-तीन आठवड्यांत प्रकाश व जागा दोन्ही हळूहळू वाढवावीत. टाकीत नेण्याआधी आयोडीनच्या द्रावात पाच-दहा मिनिटे बुडवून काढावे, म्हणजे चपटे किडे गळून पडतात. किड्यांची अंडी मात्र डोळ्यांनी शोधून खरवडावी लागतात.

हे करताना हातमोजे घालायचेच. झोअँथिड गटातल्या बटणासारख्या दिसणाऱ्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. अशी प्रवाळे चिकटलेले दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नयेत. वाफेतून अख्ख्या घराला विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

कायद्याचेही सांगायला हवे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या यादीत २००१ साली कठीण सांगाड्याची प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. मालवणला किंवा नेत्राणी बेटावर पाण्यात उतरून आठवण म्हणून एखादा तुकडा आणणे हा गुन्हा आहे. दुकानदार स्वस्तात देतो म्हणून विनापावती घेऊ नये. निमो मात्र टाकीत पैदास झालेलाच मागावा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या मंडपम केंद्रात या माशांची पैदास करून दाखवली आहे. असा मासा दाणेदार खाद्यावर वाढलेला असतो, माणसाला बुजत नाही आणि नव्या घरात लवकर रुळतो.

या माशाचे समुद्रफुलाशी, म्हणजे अ‍ॅनिमोनीशी, नाते प्रसिद्ध आहे. समुद्रफुलाच्या बोटांना दंश असतो, आणि निमोलाही त्याची सवय करून घ्यावी लागते. तो आधी पराला जेमतेम स्पर्श करू देतो, मग शेपटीला, मग पोटाला. कधी काही मिनिटे, कधी काही तास हे चालते. बराच काळ दूर राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. समुद्रफूल मात्र नव्या टाकीत तग धरत नाही, त्याला कित्येक महिने मुरलेले पाणी लागते. ते नसले तरी निमोचे काही अडत नाही. पुष्कळ घरांत तो हवेच्या पंपापाशी किंवा काचेच्या एखाद्या कोपऱ्यात बस्तान ठोकतो आणि साफ करायला हात घातला की चावायला धावतो.