दारे बोलतात

दार हे केवळ आत जाण्याचे साधन नव्हे. ते येणाऱ्याशी बोलतही असते. राजवाड्याच्या बागेचा उंच, नक्षीदार दरवाजा आणि त्यापुढील पहारेकरी सामान्य माणसाला मुक्यानेच बजावतात, "ही जागा तुझी नव्हे!"

मुलांनो, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात सेंट्रल पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८५८ साली त्याचा आराखडा सिद्ध केला. ओल्मस्टेड यांनी १८५० साली इंग्लंडमधील बर्कनहेडचे सार्वजनिक उद्यान पाहिले होते. तेथे गरीब व श्रीमंत सारख्याच हक्काने वावरत होते, हे त्यांच्या मनावर ठसले होते. पुढे न्यूयॉर्कच्या उद्यानाला भव्य, शिल्पमंडित दरवाजे बांधावेत अशी योजना निघाली, तेव्हा या दोघांनी तिला विरोध केला. म्हणून आजही तेथे बुटकी दगडी भिंत व साधी, मोकळी प्रवेशद्वारे दिसतात. १८६२ साली त्यांना नावे देण्यात आली, ती कोणा राजाची वा धनिकाची नव्हेत. कारागीर, शेतकरी, स्त्रिया, मुले, इतकेच काय, परका पाहुणा यांच्याही नावाचे दार तेथे आहे!

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. त्याच भूमीवर पूर्वी सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते. कित्येकांची स्वतःची घरे होती. प्रार्थनामंदिरे होती, शाळाही होती. उद्यानासाठी १८५७ साली ही वस्ती उठवण्यात आली. जमिनीच्या मालकांना मोबदला मिळाला. पण मोडलेले गाव पुन्हा वसले नाही.

यामुळे त्या साध्या दारांचा संदेश खोटा ठरत नाही, असे माझे मत आहे. मात्र तो अपुरा ठरतो. समतेचा विचार दगडात उतरवायचा असेल, तर पहिला दगड बसवण्यापूर्वीच तो आचरणात आला पाहिजे. त्याच शतकात, १८६८ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. त्यासाठी कोणाचे घर मोडावे लागले नाही. आपल्याच घराची सीमा त्यांनी सर्वांसाठी मोकळी केली.

आपल्या गावातील बागेच्या, देवळाच्या, शाळेच्या दारापाशी क्षणभर थांबा. ते कोणाला "या" म्हणते आणि कोणाला "थांबा" म्हणते, हे नीट ऐका. उद्या नवी दारे तुम्हीच उभारणार आहात.