रशियन उच्चार आणि घरची मराठी

आपल्या बेटावरून अनेक मुलेमुली शिक्षणासाठी रशियाला गेली आहेत. नवशिक्याला भीती वाटते ती ३३ अक्षरांची. पण अक्षरे चार दिवसांत येतात. सुरुवातीला बिघडलेला उच्चार मात्र लवकर सुधारत नाही.

आमचे मत असे, की रशियन शिकताना इंग्रजी किंवा फ्रेंच वळण बाजूला ठेवून मराठी जीभ वापरावी. ‘दा’ म्हणजे होय, ‘ताम’ म्हणजे तिथे. यांतले द आणि त दातांना जीभ लावूनच म्हणायचे. ‘डा’, ‘टाम’ नव्हे. ‘र’ही आपल्यासारखाच खणखणीत. मराठीत आपण ‘झार’ लिहितो, त्या शब्दाचा आरंभ रशियन माणूस ‘चाक’ शब्दातल्या ‘च’ने करतो. हा ‘च’ आजीच्या तोंडी सहज असतो.

तरी दोन गोष्टी नव्याने शिकाव्याच लागतात. पहिली आघात. एकाच अक्षरांनी लिहिलेला ‘झामोक’ शब्द, आघात आरंभी दिला तर किल्ला, शेवटी दिला तर कुलूप! दुधाच्या शब्दात ‘ओ’ तीनदा लिहितात, पण बोलताना ‘मलाको’ म्हणतात. आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो. दुसरी मृदू व्यंजने. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ. शेवटचा ‘त’ मृदू केला की अर्थ होतो ‘घेणे’.

म्हणून उच्चार देवनागरीत लिहून पाठ करू नयेत. आधी ऐकावे, मग मोठ्याने म्हणावे. आणि ‘मराठीचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनी घरी मराठी बोलावी. ती शिदोरी मॉस्कोतही मुलांच्या कामी येईल.