मोत माऊलीची टेकडी आणि एक चुकीचे वाक्य

१/ बांद्र्याच्या माउंट मेरी बॅसिलिकाचा विषय निघाला की ‘पोर्तुगीजांनी बांधलेले चारशे वर्षांपूर्वीचे चर्च’ हे वाक्य ठरलेले असते. समाजमाध्यमांवर त्यावर कोणी अभिमान मिरवतो, कोणी संताप व्यक्त करतो. दोघांचाही आधार असलेले हे वाक्यच मुळात चुकीचे आहे.

२/ आज टेकडीवर दिसणारी वास्तू १९०४ साली पूर्ण झाली. साष्टीतून पोर्तुगीज सत्ता जाऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. आराखडा मुंबईचे पारशी वास्तुविशारद शापूरजी चंदाभॉय यांचा. खर्च सुमारे १ लाख रुपये.

३/ वास्तूची शैलीही हेच सांगते. दर्शनी भागाच्या दोन बाजूंचे उंच मनोरे, टोकदार कमानी, घडीव दगड ही नव-गॉथिक लक्षणे आहेत. वसई किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चच्या अर्धगोल कमानींपेक्षा तिचे नाते १८८८ साली पूर्ण झालेल्या बोरीबंदर स्थानकाशी अधिक जवळचे आहे.

४/ श्रद्धास्थान मात्र खरोखर जुने. सोळाव्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणलेली मेरीची मूर्ती येथील लहानशा प्रार्थनास्थळात होती. पुढे १७०० च्या सुमारास अरबी चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला. हातातील सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची आहे, असा त्यांचा समज झाला, असे सांगतात.

५/ १७३८ च्या सुमारास मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या धामधुमीत चॅपेल जमीनदोस्त झाले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. अनेक कथने येथेच थांबतात. खरा प्रश्न मात्र त्यानंतरचा आहे: चॅपेल पुन्हा केव्हा उभे राहिले?

६/ उत्तर आहे १७६०-६१ च्या सुमारास, म्हणजे पानिपतच्या आगेमागे. साष्टी तेव्हा पेशव्यांच्या अमलाखाली होती. इंग्रजांनी ती घेतली १७७४ मध्ये. वसईच्या तहातच मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा दिलेली होती. माउंट मेरीचे पुनरुज्जीवन मराठी राज्यात झाले, ही गोष्ट या टेकडीच्या इतिहासात ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

७/ याचा अर्थ पोर्तुगीज काळ सौम्य होता असा नव्हे. बोरिवलीच्या मंडपेश्वर येथील शैव लेणे फ्रान्सिस्कन पंथीयांनी चर्चसाठी वापरले. लेण्यावरील चर्चचे भग्नावशेष आजही दिसतात. ती जबरदस्ती नाकारणे जितके चूक, तितकेच एका मंडपेश्वरावरून उपनगरांतील प्रत्येक चर्चचा निवाडा करणे चूक.

८/ पुनर्बांधणीनंतर जवळच्या सेंट अँड्र्यू चर्चमधील ‘दर्यावर्दींची माता’ ही मूर्ती येथे आणली गेली. एका कोळ्याला स्वप्नदृष्टांत होऊन ती समुद्रात सापडली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणजे घटनेचा पुरावा नव्हे. पण ही देवी आपली, असे कोळी समाज मानत आला, हे तिच्यातून कळते.

९/ कोळ्यांनी दिलेले नाव ‘मोत माऊली’. ‘मोत’ हा बहुधा डोंगर या अर्थाच्या ‘मोन्ते’ या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश. ‘माऊली’ तर वारकऱ्यांच्या ओठांवरचा शब्द. १९५४ मध्ये पोपनी चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. सप्टेंबरमधील आठ दिवसांच्या जत्रेत मेणाचे हात-पाय आणि घरे वाहणाऱ्यांत आजही सर्व धर्मांचे लोक असतात.

१०/ जेझुइटांनी आणलेली मूर्ती, मराठी अमलातील चॅपेल, कोळ्यांनी दिलेले नाव, पारशी वास्तुविशारदाचे मनोरे. यांतले एकच पान फाडून त्यावर अभिमान किंवा संताप उभारता येतो, इतिहास लिहिता येत नाही. यापुढे कोणी या चर्चला ‘पोर्तुगीज’ म्हटले, तर त्याला १७६१ आणि १९०४ ही दोन साले जरूर विचारावीत.