स्वतः भारताकडून न खेळलेला माणूस भारताला वर्ल्ड कप कसा जिंकून देतो?

2 नोव्हेंबर 2025. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं आणि पहिल्यांदाच वनडे वर्ल्ड कप जिंकला. स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक 434 धावा केल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने. पण या संघाचे कोच अमोल मुजुमदार स्वतः भारताकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळलेले नाहीत.

मग त्यांच्याकडे शिकवण्यासारखं काय होतं?

पॅड बांधून वाट पाहणारा मुलगा

1988 मध्ये शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोद कांबळीने 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसले होते मुजुमदार. त्यांचा नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्यांनी 260 धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीत 171 सामने, 11 हजारांहून जास्त धावा. तरी भारतीय संघाचं दार उघडलं नाही.

2014 मध्ये ते निवृत्त झाले. महिला संघाची जबाबदारी मिळाली ऑक्टोबर 2023 मध्ये. मधल्या काळात राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, मग मुंबईचे कोच, अशा पायऱ्या ते चढत गेले. म्हणजे कोचिंगमध्येही थेट वरची खुर्ची मिळाली नाही.

इंग्लंडमध्ये हे नवीन नाही

तिथले बरेच कौंटी क्रिकेटर आयुष्यभर कौंटीकडूनच खेळतात. पीटर मूर्स हे त्यातलेच एक यष्टिरक्षक. इंग्लंडकडून ते कधीच खेळले नाहीत. पण कोच म्हणून त्यांनी 2003 मध्ये ससेक्सला आणि 2011 मध्ये लँकेशायरला कौंटी चॅम्पियनशिप जिंकून दिली. इंग्लंडचे कोचही ते दोनदा झाले.

कारण साधं आहे. ज्याला सगळं सहज जमलं, त्याला ते दुसऱ्याला समजावून सांगता येईलच असं नाही. ज्याने संघाबाहेर बसून दिवस काढले, त्याला अडखळणारा खेळाडू लवकर कळतो. या वर्ल्ड कपमध्ये भारत सलग तीन सामने हरला होता. तिथून संघ सावरला आणि थेट फायनल जिंकला.

सातारा-सांगलीचा काय संबंध?

चांगला कोच गावात आला की काय होतं, हे या भागाने पाहिलंय. जत संस्थानाने ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना प्रशिक्षक म्हणून आणलं होतं. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. 1952 मध्ये भारताने पहिली कसोटी जिंकली, तेव्हा कर्णधार हजारेच होते. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये तिरंदाजीचे विश्वविजेते झाले.

आज जिल्ह्याकडून किंवा महाराष्ट्राकडून खेळून तिशीत थांबलेल्या खेळाडूपुढे बहुतेक वेळा नोकरी किंवा घरचा धंदा हेच पर्याय असतात. बीसीसीआयचे लेव्हल-1 ते लेव्हल-3 असे कोचिंग कोर्स आहेत. पण कोर्सनंतर नियमित पगाराचं काम नसेल, तर तो अनुभव मैदानाबाहेर जातो. नुकसान पुढच्या स्मृतीचं होतं.

त्यामुळे अ‍ॅकॅडमीत मुलीचं नाव घालताना 'सर कुठपर्यंत खेळले?' एवढंच विचारू नका. 'सरांनी कुणाला घडवलं?' हेही विचारा.